वेरूळची वाट कोणी अडविली ?

राष्ट्रकूटांच्या गुजराथेंतील शाखेचा राजा कर्क याचा एक ताम्रपट बडोद्यास सांपडलेला आहे. तो शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२-१३ मधील आहे. त्यांत एलापूर येथील एका शिवमंदिराचें वर्णन आलें आहे. विमानांतून जाणारे देव तें मंदिर पाहून चकित झाले, हें मनुष्याच्या हातचें काम नव्हे, हें स्वयंभूच असलें पाहिजे, असें त्यांस वाटलें; आणि ज्या शिल्प्यानें तें घडविलें तोही, 'माझ्या हातून हें झालें तरी कसें ?' म्हणून आश्चर्यांत पडला, असा त्या वर्णनाचा आशय आहे. हें एलापूर म्हणजे आपलें वेरूळ आणि तें मंदिर म्हणजे पहिल्या कृष्णराजाच्या कारकीर्दींत, आठव्या शतकांत, खोदलेलें कैलास लेणें, असें विद्वान् मानतात.

वाहनें वेरुळाशीं आजही थांबतात. परंतु तीं विस्मयानें थांबत नाहींत. पुढें जाण्यास वाट नसते म्हणून थांबतात. श्रावणांतील सोमवारीं, महाशिवरात्रीस, दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टींत जे वाचक तिकडे गेले असतील, त्यांस याचें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. गाडींतील मुलें रडतात, वृद्धांस पाय लांब करावयास मिळत नाहीं, चालक एकमेकांवर खेंकसतात, आणि ज्या घृष्णेश्वराच्या पायांशीं मन शांत व्हावें म्हणून घरून निघालों, त्याच्या दारीं आपण तापलेल्या मस्तकानें पोहोंचतों. या गर्दीचा दोष प्रत्येकजण दुसऱ्याकडे देतो. आम्हीही तसेंच करीत होतों. आमचा हा भ्रम कसा दूर झाला आणि त्यानंतर या प्रश्नाचा विचार करितां आम्हांस काय दिसलें, तें या लेखांत सांगावयाचें आहे.

स्थळाची रचना

वेरूळ हें छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें तीस किलोमीटरांवर आहे. डोंगराच्या पश्चिमेकडील कड्यांत दक्षिणोत्तर दोन किलोमीटरांच्या पट्ट्यांत क्रमांक दिलेलीं चौतीस लेणीं आहेत : आरंभींचीं बारा बौद्ध, त्यापुढील सतरा हिंदु आणि शेवटचीं पांच जैन. १९८३ सालीं युनेस्कोनें त्यांचा जागतिक वारशांत समावेश केला. लेण्यांपासून पायीं जाण्याजोग्या अंतरावर घृष्णेश्वराचें ज्योतिर्लिंग आहे. शिवछत्रपतींचे आजे मालोजीराजे भोसले यांचें हें वेरूळ. आणि घृष्णेश्वराचें आजचें मंदिर व शिवालय तीर्थ यांचें श्रेय अठराव्या शतकांतील होळकर घराण्याकडे, विशेषतः पुण्यश्लोक अहिल्याबाईंकडे जातें.

म्हणजे एकाच लहान गांवीं दोन निराळे जनसमुदाय येतात. एक देवदर्शनासाठीं, दुसरा लेणीं पाहण्यासाठीं. त्यांत तिसरा प्रवाह मिसळतो तो कन्नडच्या बाजूस जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांचा. त्यांस देवाशींही काम नसतें आणि लेण्यांशींही नसतें. चौथा प्रवाह अलीकडील खुलताबादेचा. तेथील भद्रा मारुतीच्या दर्शनास श्रावणी शनिवारीं आणि हनुमान जयंतीस लोकांची रीघ लागते, व त्यांतील पुष्कळसे रात्रभर पायीं चालत येतात.

आतां हे सर्व प्रवाह ज्या जुन्या रस्त्यानें वाहतात तो पाहा. शहर सोडून देवगिरीच्या किल्ल्याजवळून पुढें गेलें कीं रस्ता दौलताबादच्या तटबंदींतील प्राचीन दरवाजांतून जातो. ज्यांनीं हा दरवाजा बांधला त्यांच्या डोळ्यांपुढें हत्ती, घोडे आणि पायदळ होतें. शत्रूस सहज आंत येतां येऊं नये हाच तर दरवाजाचा हेतु! समोरासमोर दोन मोठीं वाहनें आलीं म्हणजे एकास थांबावेंच लागतें. त्यापुढें लागलाच घाट, मग खुलताबाद, आणि तेथून वेरूळकडे उतार. दरवाजा पाडतां येत नाहीं, कारण तोच वारसा आहे. लेण्यांचा डोंगर फोडतां येत नाहीं, कारण त्याच्यासाठींच तर आपण येतों. देवाचें गांव रुंद करावयाचें म्हटलें तर गांवकऱ्यांचीं घरें जातात. सारांश, येथील अडचण केवळ पैशाची नाहीं. जागा वाढवितां येत नाहीं ही ती अडचण आहे, आणि जी वस्तु वाढत नाहीं ती वांटून घ्यावी लागते.

एक सोमवार

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या तीर्थरूप मातोश्रींस तेव्हां शहाऐंशीवें वर्ष होतें. श्रावणी सोमवारीं घृष्णेश्वराचें दर्शन एकदां तरी घडावें अशी त्यांची इच्छा. आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयतां, पुतणे, सुना, नातवंडें अशीं अकरा माणसें निघालों. गाड्या तीन. तिसरीची वस्तुतः गरज नव्हती; परंतु 'परततांना कोणास लवकर यावें लागलें तर ?' या एका शंकेपायीं ती निघाली.

दौलताबादच्या दरवाजापाशीं आम्ही तास-सव्वा तास उभे होतों. वेरूळ जवळ आलें तेव्हां वाहनतळ भरले होते. रस्त्याच्या कडेस एक लांबच लांब रांग लागलेली होती. पुतण्यानें तिच्या शेवटीं, एका वळणावर, तीनही गाड्या एकामागें एक लावल्या. 'सगळ्यांनींच लावल्या आहेत,' तो म्हणाला. आम्हांसही त्यांत वावगें दिसलें नाहीं. मातोश्रींस सांवकाश चालवीत आम्ही मंदिराकडे गेलों. थोड्या वेळानें छत्री गाडींत राहिल्याचें ध्यानांत आलें, म्हणून आम्ही एकटेच परत फिरलों.

वळणावर माणसांचा गराडा होता. एका बाजूस आमच्या गाड्या, दुसऱ्या बाजूस समोरून आलेली एक बस, आणि मध्यें एक जीप अडकली होती. जवळच्याच एका वस्तीवरील गर्भिणी स्त्री प्रसूतिवेदनांनीं तळमळत त्या जीपमध्यें पडली होती; तिला शहराच्या रुग्णालयांत न्यावयाचें होतें. बसला मागें सरकण्यास जागा नव्हती, कारण तिच्या मागें आणखी रांग. गाडीच्या किल्ल्या पुतण्यापाशीं, आणि पुतण्या दर्शनाच्या रांगेंत, भ्रमणध्वनि बंद करून ! शेवटीं गांवांतील आठ-दहा तरुणांनीं आमची शेवटची गाडी मागील बाजूनें अक्षरशः उचलून कडेच्या चरांत सरकविली, आणि जीप निघाली. जीपमध्यें त्या मुलीचें डोकें मांडीवर घेऊन तिची सासू बसली होती. गाडी आमचीच हें तिला कोणीतरी सांगितलें असावें. आम्ही हात जोडून कांहीं बोलणार, तोंच ती म्हणाली, 'राहूं द्या, बाबा. तुमी सणाला येता. आमाला हितंच ऱ्हायचंय.'

तिच्या शब्दांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें.

आम्हीं पुष्कळ वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. वाट कोणास द्यावी याविषयीं बौधायनाच्या धर्मसूत्रांत एक वचन आहे. तें आम्हीं किती वर्गांस समजावून सांगितलें असेल याची गणना नाहीं. अंधास, वृद्धास, भारानें श्रमलेल्यास, दुर्बळास वाट द्यावी असें तें सांगतें. आणि त्यांत गर्भिणीचा उल्लेख स्पष्ट शब्दांनीं केलेला आहे. 'पूर्वजांनीं किती सूक्ष्म विचार केला होता पाहा,' असें आम्ही मुलांस अभिमानानें म्हणत असूं. आणि त्या दिवशीं, तेंच वचन ज्यास पाठ आहे अशा माणसाची गाडी गर्भिणीच्या वाटेंत आडवी उभी होती.

पुढें महिन्याभरानें तेथील एका चहावाल्याकडे चौकशी केली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचें कळलें. हा ईश्वराचा आणि त्या आठ-दहा तरुणांचा प्रसाद. आमचें त्यांत पुण्य कांहीं नव्हतें.

अधिक जागा हाच उपाय काय ?

'सरकारनें मोठा वाहनतळ बांधावा', हें पहिलें उत्तर आपल्या तोंडीं येतें. तें अगदींच चूक नव्हे. पण त्याचें गणित मांडून पाहिलें पाहिजे. नगररचनाकार मोकळ्या जागेंत एका मोटारीस, ती वळविण्याच्या जागेसह, सुमारें २३ चौरस मीटर धरतात. म्हणजे जवळजवळ पाव गुंठा जमीन. पांच-पांच माणसांचीं शंभर कुटुंबें शंभर मोटारींतून आलीं तर तेवीस गुंठे जागा पाहिजे, आणि तीही दोन-तीन तास अडून राहणार. हींच पांचशें माणसें पन्नास आसनांच्या दहा बसगाड्यांतून आलीं तर त्या गाड्या माणसें उतरवून परत फिरतात; त्यांस दिवसभर जागा अडवावी लागत नाहीं. देवाच्या दाराशीं एकरभर जागा मोकळी केली तरी ती भरते. कारण दाराशीं जागा मिळते असें कळलें कीं जो बसनें येणार होता तोही मोटार काढतो. आणि जागा कितीही केली तरी तेथपर्यंत येण्याची वाट तीच, दरवाजाही तोच.

आमच्या ग्रंथकारांस हा विषय अगदींच अपरिचित नव्हता. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत निरनिराळ्या वाटांचीं मापें दिलीं आहेत : रथांची वाट पांच अरत्नि रुंद, गुरांची चार अरत्नि, मनुष्यें व लहान जनावरें यांची दोन अरत्नि. अरत्नि म्हणजे हातभर. मापें जुनीं झालीं. पण त्यांमागील तत्त्व जुनें झालेलें नाहीं. चालणाऱ्यांस त्यांची अशी वाट असावी, आणि तींत रथ घुसूं नये. वेरुळास आज चालणाऱ्याची वाट हीच सर्वांत अगोदर मोटारीखालीं जाते.

यावर खरा उपाय वाहन दूर थांबविणें हाच आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यांत सिद्ध झालेला आहे. अजिंठ्यास खाजगी वाहनें लेण्यांपर्यंत जात नाहींत. सुमारें चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या तिठ्यावर, तीं थांबवितात व तेथून पुढें प्रवाशांस बसनें नेतात. धुरापासून व गोंगाटापासून लेणीं वांचावीं हा तींतील मुख्य हेतु. पण त्याबरोबर दरींतील कोंडीही टळते. माथेरानास तर मोटारींस आरंभापासूनच मज्जाव. दस्तुरी नाक्यावर वाहन ठेवावें आणि पुढें पायीं, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीनें जावें हा तेथील शिरस्ता आहे. स्वित्झर्लंडांतील झेरमाट या गांवींही प्रवाशांच्या मोटारी पांच किलोमीटर खालीं टेश येथें ठेवून लोक आगगाडीनें वर जातात. या तीनही ठिकाणीं लोक जावयाचे थांबले असें झालें नाहीं.

वेरुळाची गोष्ट अजिंठ्याहून कठीण आहे हें कबूल केलें पाहिजे. अजिंठ्याची दरी एकीकडे आहे, तिच्या तोंडाशीं नाकें घालतां येतें. वेरूळ हें नांदतें गांव आहे. तथापि सणाच्या दिवसांपुरती तरी दोनही बाजूंस, गांवापासून दोन-तीन किलोमीटरांवर, वाहनें थांबवून पुढें सतत फिरणाऱ्या लहान गाड्या ठेवणें अशक्य नाहीं. गर्दीच्या दिवसांत पोलीस जड वाहनें अन्य मार्गांनीं वळवितातच. त्याचीच ही पुढील पायरी. दूरचा तळ निःशुल्क असावा, जवळचा महाग असावा, आणि त्या पैशांतून फिरत्या गाड्यांचा खर्च भागवावा. रस्त्याच्या कडेस वाहन लावण्यास मात्र पूर्ण बंदी असावी. आणि ती बंदी रुग्णवाहिकेची व गांवकऱ्यांची वाट मोकळी राहावी यासाठीं आहे, असें तेथें ठळक लिहावें. कारण न सांगतां केलेला नियम आपल्या लोकांस जाच वाटतो. कारण समजलें कीं तो ते पाळतात, हा आमचा शाळेंतील अनुभव आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला दुकानदारांचा : वाहनें दूर थांबलीं तर आमचा धंदा बसेल. परंतु नारळ, बेल, फुलें, चहा हीं मोटार विकत घेत नाहीं, माणूस घेतो. आणि मोटारींत कोंडलेल्या माणसापेक्षां पायीं चालणारा अधिक घेतो. दूरच्या तळावर गांवच्याच लोकांस दुकानें द्यावीं, म्हणजे तक्रारीस जागा उरणार नाहीं. दुसरा आक्षेप वृद्धांचा आहे, आणि तो खरा आहे. त्यांच्यासाठीं विजेवर चालणारीं लहान वाहनें थेट मंदिरापर्यंत सोडावींच. मात्र घरांतील एका वृद्धाच्या नांवावर दहा धडधाकट माणसांनीं दारापर्यंत मोटार नेऊं नये, इतकाच आमचा आग्रह आहे.

वारांचा घोळ

आणखी एक गोष्ट अशी आहे कीं, तिला एक रुपयाही लागत नाहीं. अजिंठ्याचीं लेणीं सोमवारीं बंद असतात आणि वेरूळचीं मंगळवारीं. याचा परिणाम काय होतो ? लेणीं पाहावयास शहरांत उतरलेल्या प्रवाशांस सोमवारीं अजिंठा मिळत नाहीं, म्हणून ते वेरुळाकडे वळतात. आणि सोमवार हा तर शंकराचा वार! म्हणजे ज्या दिवशीं भाविकांची गर्दी अधिक, नेमक्या त्याच दिवशीं प्रवाशांचा लोंढाही तिकडेच लोटला जातो. निदान श्रावणापुरता तरी अजिंठ्याच्या सुट्टीचा वार बदलला, तर हे दोन प्रवाह एकमेकांवर आदळणार नाहींत. संबंधित खात्यानें याचा विचार करावा अशी आमची नम्र सूचना आहे.

खात्याची वाट न पाहतांही आपणांस यांतून बोध घेतां येतो. ज्यांस केवळ दर्शन घ्यावयाचें आहे त्यांनीं साधा मंगळवार निवडावा. त्या दिवशीं लेणीं बंद म्हणून प्रवासी नसतात आणि मंदिर उघडेंच असतें. ज्यांस लेणीं पाहावयाचीं आहेत त्यांनीं सोमवार व मंगळवार दोनही टाळावे. लेणीं पश्चिमाभिमुख असल्यामुळें दुपार कलल्यावर त्यांवर चांगला प्रकाश येतो. दर्शन आणि लेणीं दोनही साधावयाचीं असतील त्यांनीं अन्य वारीं पहांटे मंदिरांत जावें, दुपारची शिदोरी झाडाखालीं सोडावी, आणि ऊन उतरूं लागलें कीं कैलासाकडे वळावें.

आमच्या घरचा नियम

त्या सोमवारानंतर आमच्या घरीं बसून विचार झाला. थोरल्या बंधूंनीं पंचांगाच्या पुठ्ठ्याच्या आंतील बाजूस चार ओळी लिहून ठेविल्या, त्या अशा : सणाच्या दिवशीं क्षेत्रीं मोटार न्यावयाची नाहीं. न्यावीच लागली तर एक, दोन नाहीं. रस्त्याच्या कडेस ती उभी करावयाची नाहीं, मग दर्शन चुकलें तरी चालेल. आणि गाडीपाशीं किल्लीसह एक माणूस राहील.

शेवटची अट पुतण्यानें आपण होऊन घातली. त्या दिवसाविषयीं त्याला कोणी एक शब्दही बोललें नव्हतें.

पुढच्या कार्तिकांत एका मंगळवारीं आम्ही पुन्हां गेलों, या वेळीं एस. टी. नें. पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांस एस. टी. चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य करण्यांत आला, आणि २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें झालें. त्यामुळें मातोश्रींचें तिकीट लागलें नाहीं, वहिनी व सुना अर्ध्या भाड्यांत आल्या, आणि तीन मोटारींच्या इंधनाचा आदल्या वेळचा खर्च आठवून बंधू बराच वेळ हंसत होते. मातोश्रींस थांब्यापासून मंदिरापर्यंत रिक्षानें नेलें; आम्ही बाकीचे चालत गेलों. यात्रेस वाहनानें गेल्यास अर्धें फळ नाहींसें होतें, असें तीर्थविषयक जुन्या ग्रंथांत म्हटलेलें आहे. पूर्वीं हें वचन वाचून आम्हांस हंसूं येई. आतां वाटतें, त्या ग्रंथकारांस गर्दीच्या क्षेत्राची रीत ठाऊक होती. सगळा प्रवास पायीं करा असें आज कोणी म्हणणार नाहीं. परंतु शेवटचा कोसभर तरी पायीं चालण्यास हरकत कोणती?

दर्शन निवांत झालें. मातोश्री गाभाऱ्याबाहेर बराच वेळ बसून होत्या. परततांना त्याच वळणावरून बस गेली. रस्त्याची कड मोकळी होती, आणि तिच्यावरून शाळेचीं मुलें दप्तरें घेऊन घरीं चाललीं होतीं. मातोश्रींनीं विचारलें, 'हेंच ना तें ठिकाण ?' आम्हीं मान डोलविली. त्यांनीं त्या बाजूस वळून हात जोडले.

वाचकांपैकीं अनेक कुटुंबें येत्या श्रावणांत वेरुळास जाण्याचा बेत करीत असतील. त्यांनीं अवश्य जावें. मात्र निघण्यापूर्वीं दारांत उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहून क्षणभर विचार करावा, कीं आज ही आपणांस देवापर्यंत नेणार आहे, कीं दुसऱ्या कोणाच्या वाटेंत उभी राहणार आहे. सरकार, खातें, पंचायत यांनीं करावयाचें तें त्यांस वेळोवेळीं सांगत राहूंच. पण सणाच्या दिवशीं आपली एक मोटार घरीं ठेवणें हें आपल्या हातीं आहे, आणि त्याला कोणाच्या मंजुरीची अपेक्षा नाहीं.